पिवळ्या खडूचं वर्तुळ

टकटकरावांचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं आणि तिथेच राहिलं. पुलांच्या खात्यात, गल्लीत, चहाच्या टपरीवर, सगळीकडे ते टकटकरावच. माणूस एकतीस वर्षं हातोडी घेऊन पुलांना टकटक करत फिरला, तर लोक दुसरं काय म्हणणार? आता तुम्ही विचाराल, पुलाला टकटक कशाला, आत कोण राहतं? सगळेच विचारायचे हे. आणि प्रत्येकाला वाटायचं, हा विनोद जगात पहिल्यांदा आपणच केला. टकटकराव नुसती मान हलवून पुढच्या खांबाकडे जायचे.

काम साधं होतं, म्हणजे सांगायला साधं. काँक्रीटचा पूल बाहेरून धडधाकट दिसतो, पण आत पाणी मुरलं की सळई गंजते, गंजली की फुगते, आणि वरचा थर आतून सुटतो. सुटतो, पण पडत नाही. जागच्या जागी शहाण्यासारखा बसून राहतो, महिना, सहा महिने, कधी वर्ष. मग एक दिवस खालून कोणी जात असताना खाली येतो. डोळ्याला यातलं काही दिसत नाही, कानाला मात्र कळतं. चांगल्या काँक्रीटवर हातोडी मारली की खणखणीत वाजतं, सुटलेल्यावर मारली की बद्द. मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तेच. फक्त हे मडकं चारशे मीटर लांब असतं आणि त्याच्यावरून बसगाड्या जातात.

जिथे बद्द वाजेल तिथे टकटकराव कडा शोधत जायचे, वीत वीत, आणि पिवळ्या खडूने भोवती वर्तुळ काढायचे. पांढरा खडू चालत नाही, पाण्याबरोबर बाहेर आलेले क्षारही पांढरेच असतात. आठ-दहा दिवसांनी मुकादम आपली फोडणारी माणसं घेऊन यायचा आणि वर्तुळाच्या आतलं सगळं फोडून काढून नवा माल भरायचा. अहवाल लिहिला जायचा, पण तो मुकादमाने कधी वाचला असेल तर शपथ. पिवळं वर्तुळ म्हणजे फोडा, एवढं सगळ्यांना पाठ होतं. एकतीस वर्षांत टकटकरावांचं एकही वर्तुळ खोटं निघालं नव्हतं. खात्यातले साहेब बदलले, गाड्या बदलल्या, पण हा कान काही बदलला नाही.

आणि त्याच माणसाला घरातलं ऐकू आलं नाही, असं त्यांची मुलगी म्हणाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्यांची बायको म्हणजे चेनमावशी. गल्लीच्या तोंडाशी जो पूल आहे, त्याच्याखाली पायवाटेला लागून ती शिलाईचं यंत्र घेऊन बसायची आणि दप्तरांच्या, जाकिटांच्या, पिशव्यांच्या चेन दुरुस्त करायची. तोंडात कायम चार-पाच टाचण्या. त्या टाचण्या न काढता ती बोलायची, भांडायची, भाव सांगायची आणि पोरांना दटावायची, आणि एकीनेही कधी तिला टोचलं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, "मावशी, ही चेन गेली." ती म्हणायची, "चेन कुठे जातेय, तुझं पोट पुढे आलंय." लोकांना ती आवडायची. खरं तर चेन चांगली असतानाही काही जण उगाच थांबायचे.

एका वर्षापूर्वी ती गेली. जिना चढताना मधल्या मजल्यावर बसली आणि उठलीच नाही. टकटकराव तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पुलावर होते. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासून थकलं असणार, दम लागत असणार, घरच्यांच्या लक्षात आलं नाही का? घरचे म्हणजे कोण, तर हे एकटे. मुलगी लग्न होऊन दोन थांबे पलीकडे राहायची. ती तिथेच, दवाखान्याच्या बाकावर म्हणाली, "बाबा, अख्ख्या पुलातलं तुम्हाला ऐकू येतं. आईचा दम ऐकू आला नाही?"

टकटकराव काही बोलले नाहीत. त्या दिवशीच नाही, पुढेही नाही. रडलेही नाहीत. लोकांनी वाट पाहिली, आज रडेल, उद्या रडेल, मग म्हणाले, काही माणसांचं उशिरा येतं, आणि मग लोकांना आपापली कामं होती. टकटकराव सकाळी उठायचे, एक कप चहा करायचे, दुसरा कप चुकून काढला तर परत ठेवायचे, कामावर जायचे, येताना पाव आणायचे, खायचे, झोपायचे. दुखतंय का, तर तसं काही नव्हतं. ते स्वतःच कधीकधी तपासून बघायचे. तिचा चष्मा हातात घ्यायचे, बघायचे काही होतंय का, आणि काही होत नाही म्हटल्यावर जागेवर ठेवायचे. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात आणि गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. मुलीने महिनाभर फोन केले. बाप पलीकडून "हं" म्हणायचा. मग तिनेही सोडून दिलं.

चार महिन्यांनी गल्लीने पुलाखालच्या भिंतीवर चित्र काढायचं ठरवलं. डोकं निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाईंचं. जाहिराती आणि पानाच्या पिचकाऱ्या बघून त्यांचे डोळे दुखायला लागले होते, म्हणून त्यांनी खात्याची परवानगी काढली, रंग मिळवले आणि सगळ्यांना कामाला लावलं. ठरलं असं, की गल्लीतली माणसं आपापलं काम करताना दाखवायची, खऱ्यापेक्षा तिप्पट मोठी. बाई खडूने आकार काढून देणार आणि लोक भरणार. पण बाईंनी एक अट घातली. कोणी स्वतःला रंगवायचं नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याला रंगवायचं. "स्वतःला रंगवलंत तर सगळेच देखणे निघतील आणि भिंत खोटी पडेल," असं त्यांचं म्हणणं.

झालं. औषधवाल्याने सायकलवाल्याचं नाक असं काही काढलं की सायकलवाला तीन दिवस त्याच्याकडून डोकेदुखीची गोळीही घेईना. मग त्याने सूड म्हणून औषधवाल्याचं टक्कल तेल लावल्यासारखं चकचकीत रंगवलं. पोस्टमन रंगवताना पाववालीने त्याच्या पिशवीत पत्रांऐवजी पाव काढले, कारण तिला म्हणे पावच काढता येतात. दोन महिने संध्याकाळी ही अशी मजा चालली होती. आणि भिंतीच्या मधोमध, जिथे खरं यंत्र असायचं त्याच्या बरोबर वर, चेनमावशी.

बाईंनी टकटकरावांना बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या हाताने झालं तर बरं." टकटकराव म्हणाले, "मला कामं आहेत." मग मुलगी आली. नोकरीवरून सुटली की परांचीवर चढायची आणि अंधार पडेपर्यंत आईचा चेहरा भरायची. अकरा संध्याकाळी लागल्या तिला. नुसत्या ओठांवर दोन गेल्या, कारण टाचण्या दाखवायच्या आणि हसूही दाखवायचं, हे कठीणच. शेवटच्या दिवशी टकटकराव कामावरून येताना तिथे थांबले. चेहरा हुबेहूब होता. चष्मा नाकावर घसरलेला, टाचण्या तोंडात, आणि आता काहीतरी बोलणार अशी भुवई.

मुलगी परांचीवरून खाली उतरली आणि हात पुसत उभी राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा समोरासमोर आली होती.

"बरं आहे," टकटकराव म्हणाले.

"बरं आहे? एवढंच?"

त्यांनी पुन्हा वर पाहिलं. अजून काय म्हणायचं असतं ते त्यांना खरंच सुचेना. "रंग चांगला बसलाय," ते म्हणाले.

तिने ब्रश डब्यात टाकला आणि बस पकडून निघून गेली. त्यानंतर ती पुलाखाली यायची, आईच्या चित्राखाली उभी राहायची, पण गल्लीत वर यायची नाही. बापाचं घर तिथून शंभर पावलांवर.

मग सहामाही तपासणीची पाळी आली. पूल आपल्या गल्लीचा असो नाहीतर परक्या गावचा, यादीत नंबर आला की करायचा. टकटकरावांनी सकाळी सात वाजता शिडी लावली आणि एका टोकाने सुरुवात केली. चित्रावरून टकटक करताना जरा विचित्र वाटलं, पण रंगाने आवाजाला फरक पडत नाही. सायकलवाल्याच्या गुडघ्यापाशी बद्द, काढलं वर्तुळ. औषधवाल्याच्या दुकानाच्या पाटीवर बद्द, काढलं. पोस्टमनच्या पिशवीत दोन ठिकाणी. यंत्राचं चाक खणखणीत होतं. मावशीचा हातही खणखणीत. मग शिडीची वरची पायरी चढून त्यांनी गालावर हातोडी मारली.

बद्द.

त्यांनी पुन्हा मारली, कारण मागच्या खेपेला हीच जागा ठणठणीत होती. बद्दच. मग हात आपोआप कडा शोधत फिरला. हनुवटीच्या खालून, कानाच्या बाहेरून, अंबाड्याच्या वरून, दुसऱ्या कानाशी. एकही बोट इकडे नाही की तिकडे नाही, पोकळी चेहऱ्याएवढीच निघाली. वरून पाण्याची जी नळी जाते ती नेमकी तिथे गळत असणार. टकटकरावांनी खिशातून खडू काढला आणि चेहऱ्याभोवती वर्तुळ काढलं. त्यांना काही वाटलं का? नाही वाटलं. तेच तर. खाली उतरून त्यांनी शिडी पुढे सरकवली.

संध्याकाळपर्यंत अशी बारा वर्तुळं झाली. ते घरी येऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधवाल्याने रस्त्यातच गाठलं. दुकानाच्या वेळेत काउंटर सोडून कधी बाहेर न येणारा माणूस, चक्क दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "टकटकराव, शेवटी मन मोकळं केलंत. आम्हाला वाटत होतं, हा माणूस दगड आहे. चुकलं आमचं."

टकटकरावांना काही कळेना. पुढे पाववाली भेटली, तिने पाव दिला आणि डोळे पुसले. पुलाखाली पोहोचल्यावर उलगडा झाला. गल्लीने संध्याकाळी ते वर्तुळ पाहिलं होतं. बाकीची अकरा कुठे गुडघ्यावर, कुठे पिशवीवर, ती खात्याची कामाची वर्तुळं, हे सगळ्यांना कळत होतं. पण हे? चेहऱ्याच्या बरोबर भोवती, इतकं नेमकं? नवऱ्याला बोलता येत नाही, रडता येत नाही, तर त्याने हातातल्या खडूने बायकोच्या डोक्यामागे, देवांच्या तसबिरीत असतं तसं, तेज काढलं. कोणी सांगितलं नाही, कोणी ठरवलं नाही, सगळ्यांना एकदम तेच वाटलं. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, खडू आहे, दोन दिवसांत पुसून जाईल, आणि लगेच शिडी मागवून त्यांनी पिवळ्या रंगाने ते वर्तुळ पक्कं केलं. वर बारीक सोनेरी रेघाही काढल्या. काम सुबक होतं, त्यात वाद नाही.

टकटकराव बघत उभे राहिले. आता मुकादम येणार, अकरा वर्तुळं फोडणार, आणि हे बाराव्याचं चित्र झालेलं बघून पुढे जाणार. बाईंना गाठून सांगायचं, एवढंच काम. ते बाईंच्या दारापर्यंत गेलेही. पण दारात बाई म्हणाल्या, "मी तुमच्या मुलीला फोन करून सांगितलं. ती रडली हो खूप." आणि टकटकराव तसेच मागे फिरले.

संध्याकाळी मुलगी डबा घेऊन घरी आली. वर्षाने. तिने चपला काढल्या, स्वयंपाकघरात गेली, आईने ठेवलेल्या जागेवरून वाट्या शोधून काढल्या आणि बापाला वाढलं. "बाबा," ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला काहीच होत नाही. मी फार वाईट बोलले तुम्हाला."

टकटकरावांनी घास हातात धरला. आता सांगायचं. एक वाक्य होतं, अगं ती फोडायची खूण आहे, बस. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वर्षभरात त्या खांद्यावर कोणी हात ठेवला नव्हता. त्यांनी घास तोंडात घातला.

मग ती रोज यायला लागली. नोकरीवरून सुटून पुलाखाली थांबायची, बाबा कामावरून आले की दोघं बरोबर घरी. आणि थांबायची कुठे, तर आईच्या चेहऱ्याखाली, भिंतीला पाठ लावून. टकटकराव रस्त्याच्या पलीकडूनच हाक मारायचे, "इकडे ये." ती म्हणायची, "तुम्ही या ना इकडे." मग ते जायचे आणि तिच्याशेजारी उभे राहायचे, मान वर न करता. वर किती वजन आहे याचा त्यांना अंदाज होता. एक माणूस मरायला पुरे, दोघांनाही पुरलं असतं. ते काहीतरी कारण काढून तिला लवकर हलवायचे, आज वाराच आहे, आज चपलेने चावलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं सांगावं तर चेहरा जाणार आणि पोरगीही जाणार. न सांगावं तर तिच्याच डोक्यावर टांगलेलं. साहेबांना गुपचूप सांगून ती जागा फोडून घ्यावी, असंही त्यांच्या मनात आलं, पण गल्लीच्या नाकासमोर गुपचूप काय होतं? असे नऊ दिवस त्यांनी मूग गिळून काढले. या नऊ दिवसांबद्दल त्यांना कोणी चांगलं म्हणू नये. त्यांनीही स्वतःला म्हटलं नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी मुलगी बोलता बोलता थांबली आणि तिने खांद्यावरून काहीतरी झटकलं. नखाएवढा रंगाचा पापुद्रा होता, मागे काँक्रीटची भुकटी चिकटलेला. "वर पक्षी बसतात वाटतं," ती म्हणाली. टकटकरावांनी तो पापुद्रा उचलून मुठीत धरला आणि घरापर्यंत मूठ उघडली नाही.

दहाव्या दिवशी मुकादम आला. दोन माणसं, परांची, काँक्रीट फोडायचा ब्रेकर. दुपारपासून धडधड सुरू झाली. गल्ली जमली, थोडी कुरकुर झाली. सायकलवाल्याचा गुडघा गेला, तेव्हा औषधवाला म्हणाला, "नाक का नाही नेलं?" पाचच्या सुमाराला अकरा झाली आणि मुकादमाची माणसं वायर गुंडाळायला लागली.

"एक राहिलं," टकटकराव म्हणाले.

मुकादमाने भिंतीवर नजर फिरवली. "कुठे? मी मोजली की."

टकटकरावांनी वर बोट दाखवलं. मुकादमाने चेहऱ्याकडे पाहिलं, सोनेरी रेघांकडे पाहिलं, मग यांच्याकडे. "ते तर चित्र आहे."

"त्याच्याखाली माझं वर्तुळ आहे. पोकळ आहे तिथे."

हे सगळ्यांनी ऐकलं. बाईंच्या हातातली पिशवी खाली गेली. "म्हणजे ते तेज..." त्या म्हणाल्या. औषधवाला दुसरीकडे बघायला लागला. पाववाली मात्र गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, "एवढं एक राहू द्या की. गेली बिचारी, भिंतीवर तरी राहू दे." मागून दोन-चार आवाज आले, हो, राहू द्या. मुकादम टकटकरावांकडे बघत थांबला होता.

आणि मुलगी बसमधून उतरली. रोजच्या वेळेला, रोजच्यासारखी. ती गर्दीतून पुढे आली आणि चेहऱ्यांवरूनच तिला काहीतरी झालंय ते कळलं. बाईंनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. ती बापासमोर येऊन उभी राहिली.

"म्हणजे ते आईसाठी नव्हतं काढलं?"

"नाही."

"मी डबा घेऊन आले, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"होतं."

"आणि तुम्ही जेवलात."

"जेवलो."

"का नाही बोललात? नऊ दिवस?"

"तू येत होतीस," टकटकराव म्हणाले.

तिचा चेहरा हलला, पण ती सावरली. "मग आज का बोललात?"

"तू रोज त्याच्याखाली उभी राहतेस. काल तुझ्या खांद्यावर पडलं ते पक्ष्याने टाकलं नव्हतं."

मग ती जे दवाखान्याच्या बाकावर बोलली होती तेच पुन्हा बोलली, पण आता आवाज चढवून नाही. "आईच्या वेळेला कुठे होते हे कान?"

"इथेच होते," टकटकराव म्हणाले. "मला ऐकू यायचं."

मुकादमाने वायर गुंडाळणाऱ्यांना हाताने थांबवलं.

"ती जिना चढायची ना संध्याकाळी, तर चौदा पायऱ्या एकसारख्या वाजायच्या. मग थांबायच्या. पूर्वी नव्हत्या थांबत. शेवटच्या दोन महिन्यांत थांबायला लागल्या. मी आत बसून ऐकायचो. रोज ऐकायचो. आज जरा जास्त वेळ थांबली, आज कमी. दार उघडून एकदा विचारलं नाही, का थांबतेस म्हणून. एवढंच विचारायचं होतं. ऐकू आलं नाही असं नाही. ऐकू आलं आणि मी काही केलं नाही. इथे तसं नाही करता येणार मला."

एवढं लांब ते वर्षात बोलले नव्हते. बोलून झाल्यावरही चेहरा तसाच, कोरडा. त्यांनी पट्ट्यातली हातोडी काढली आणि मुलीपुढे धरली. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तूच वाजवून बघ. आधी चाकावर मार, मग वर."

मुलीने हातोडी घेतली नाही, नुसती बघत राहिली. मग घेतली. परांची तिला नवी नव्हती, अकरा संध्याकाळी चढली होती. तिने यंत्राच्या चाकावर हातोडी मारली, आवाज खणखणीत आला. हातावर मारली, तसाच. मग ती वरच्या फळीवर गेली आणि आईच्या चेहऱ्यासमोर उभी राहिली. कपाळावर हातोडी उचलली आणि खाली घेतली. तिला मारवेना. शेवटी तिने हळूच, आत कोणी झोपलेलं असेल तर दार वाजवतात तसं, गालावर टकटक केलं.

बद्द.

तिने दुसऱ्या गालावर केलं. हनुवटीवर केलं. टाचण्यांवर केलं, जिथे तिच्या दोन संध्याकाळी गेल्या होत्या. खाली उभ्या असलेल्या पाववालीलासुद्धा फरक कळत होता. मुलगी बराच वेळ तिथे उभी होती. मग खाली उतरली, हातोडी बापाच्या हातात दिली आणि मुकादमाला म्हणाली, "पोकळ आहे. फोडा."

मुकादमाने माणसाला खूण केली. तो ब्रेकर घेऊन वर चढला. अडवणारं आता कोणीच नव्हतं. ब्रेकरचं टोक मावशीच्या कपाळाला टेकलं.

"थांबा," टकटकराव म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. तेच बोलले होते. हातोडी त्यांच्या हातातून निसटून खाली पडली आणि त्यांनी ती उचलली नाही. ते वर बघत होते, चष्म्याकडे, भुवईकडे, आणि त्यांचा खालचा ओठ हलत होता.

"किती वेळ?" मुकादमाने विचारलं. त्याने चांगल्या मनाने विचारलं होतं.

"माहीत नाही," टकटकराव म्हणाले. "आता फोडायचं म्हणजे... मला वाटलं होतं मला जमेल. मला बघायचंय तिला जरा."

मुकादम बसला. वरचा माणूसही फळीवर पाय सोडून बसला, मावशीच्या कानाशेजारी, आणि तोंड दुसरीकडे करून राहिला. टकटकराव बघत राहिले. बसगाड्या वरून गेल्या. दोन येऊन गेल्या असतील, तीन असतील. मग मुलीने त्यांचा हात धरला आणि त्यांना रस्त्याच्या पलीकडे नेलं, लहान मुलाला नेतात तसं दोन्हीकडे बघून. पलीकडच्या कठड्याला त्यांना टेकवून तिने मुकादमाकडे पाहून मान हलवली.

ब्रेकर सुरू झाला. पहिल्याच दणक्याला अख्खा थर एकसंध सुटला आणि खाली पायवाटेवर, रोज ती दोघं उभी राहायची तिथे, येऊन आदळला. टकटकराव थरथरायला लागले. मुलगी त्यांच्या कानाशी वाकली.

"रडा, बाबा," ती म्हणाली. "एवढ्या आवाजात कोणाला ऐकू येणार नाही."

मग ते रडले. मुकादमाने त्या दिवशी काम संपल्यावरही ब्रेकर बराच वेळ सुरू ठेवला होता.